कौलांवरचा स्लॅब

मार्च महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ. ठिकाण घणसोली गाव, देवळामागची गल्ली. हजर: घराचे मालक, वय ऐंशीच्या आसपास, नक्की त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांची पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्या भाडेकरूंची काकी, थोरला मुलगा, पहिली दहा मिनिटं, माझे मिस्टर, शिडी धरायला, आणि मी, टेप, वही आणि एकशे अठरा लेबलं घेऊन. पेणच्या बाजूचे एक सुतारकाका येणार होते. त्यांना नका येऊ म्हणून मीच कळवलं होतं.

त्या दिवसाची ही नोंद माझ्या वहीत आहे. नोंद ठेवायची मला सवय आहे. गॅस सिलिंडर कधी लावला, कोणती साडी कोणाच्या लग्नात नेसले, सोसायटीच्या टाकीत शेवटचं क्लोरीन कधी टाकलं, सगळं लिहिलेलं असतं. त्या रविवारी आम्ही एका घराच्या लाकडांना नंबर बांधले. घर जाणार होतं. पण मालकांच्या भाषेत ते तोडायचं नव्हतं, उसवायचं होतं. शिवण उसवून कापड दुसरीकडे पुन्हा शिवावं, तसं ते पेणजवळ लेकीच्या वाडीत परत उभं करायचं होतं.

मी त्यांना आबा म्हणत असे. गावात त्यांना आबा कोणीच म्हणत नव्हतं, तो माझा साताऱ्याकडचा शब्द. पहिल्या दिवशी मी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. मग त्यांनी ते नाव चालवून घेतलं. मला ते वहीवाली म्हणत. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.

लग्नानंतर नऊ वर्षं आम्ही त्यांच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या माळ्यावर राहिलो. पहिला माळा म्हणजे सव्वीस पायऱ्या. सामान चढवताना मी त्या मोजल्या आणि मिस्टरांना म्हटलं, काहीतरी चुकलंय, पहिल्या माळ्याला इतक्या पायऱ्या लागत नाहीत. मी आयटीआय झालेली ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी सर्टिफिकेटवर तेच छापलेलं आहे. वाशीच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी तेव्हा नुकतीच लागले होते आणि जिने दिवसभर काढत होते. संध्याकाळी खाली उतरून पाहिलं तेव्हा कारण कळलं. आमच्या खोलीच्या खाली एक अख्खं कौलारू घर होतं.

झालं होतं असं. स्टेशन आलं, कंपन्यांतली माणसं खोल्या शोधत गावात यायला लागली, तशी गल्लीतली कौलारू घरं एकामागून एक उतरली आणि त्या जागी तीन-चार माळ्यांच्या खोल्या उठल्या. आबांच्या दोन्ही मुलांनीही हट्ट धरला. आबा म्हणाले, बांधा. फक्त माझ्या घराला हात लावायचा नाही. मुलांना वाटलं म्हाताऱ्याने नाही म्हणायची ही रीत काढली आहे. पण ठेकेदार हुशार निघाला. त्याने घराच्या भिंतींच्या बाहेरून कॉलम उचलले, ते आढ्याच्या वर नेले आणि तिथे स्लॅब टाकला. मग त्यावर तीन माळे. खाली कौलं, ओटा, पडवी, चार खोल्या जशाच्या तशा. बाहेरून पाहिलं की इमारतीचं पोट पुढे आल्यासारखं दिसायचं, कारण ओट्यावरच्या छपराची कड कॉलमच्या बाहेर डोकावत होती. गावाने तिचं नाव पोटुशी ठेवलं. कुरिअरवालेसुद्धा पाकिटावर पोटुशी बिल्डिंग, पहिला माळा असंच लिहीत.

मुलं खोल्यांत राहायला वर गेली. आबा आणि काकी खालीच राहिले.

ओटा पूर्वेला होता. शेजाऱ्यांनी त्यांची भिंत ओट्यापासून दोन हातांवर आणून ठेवली होती, तरी आबा सकाळचा चहा पूर्वेकडे तोंड करूनच प्यायचे. समोर सिमेंटची भिंत, त्या भिंतीत शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी. मी एकदा म्हटलं, आबा, दुसऱ्या बाजूला बसा, तिकडे थोडा उजेड आहे. ते म्हणाले, सूर्य तिथंच हाय, भिंतीच्या मागं. शेजारणीला या गोष्टीचा सुरुवातीला राग यायचा, म्हातारा माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे बघत बसतो म्हणून. नंतर ती त्याच खिडकीतून त्यांना मटणाची वाटी द्यायला लागली आणि काकीने मीठ कमी आहे असं सांगायचं, हा गल्लीचा नियम झाला.

भाडेकरूंना त्यांचे नियम तीनच होते. खालच्या भिंतीत खिळा मारायचा नाही. पडवीतल्या खांबाला सायकल टेकवायची नाही. आणि वैशाखात ज्या दिवशी ते सांगतील त्या दिवशी घरातल्या एका माणसाने मदतीला यायचं.

ही मदत म्हणजे कौलं चाळायची. पावसाळ्याआधी कौलं काढून, झाडून, फुटलेली बदलून परत बसवतात, ते काम. सगळीकडेच करतात, त्यात नवल नाही. पण आबांच्या कौलांवर स्लॅब होता. त्यांच्यावर पावसाचा थेंब पडलेला नव्हता आणि पडणार नव्हता. तरी दरवर्षी वैशाखात आबा आढ्याच्या आणि स्लॅबच्या मधल्या दोन-अडीच फुटांत पोटावर सरपटत जायचे, तोंडात बॅटरी धरायचे आणि एकेक कौल खाली द्यायचे. खाली आम्ही फडक्याने पुसायचो. निघायची ती नुसती धूळ आणि पालींची अंडी. माझ्या मिस्टरांनी पहिल्याच वर्षी विचारलं की हे कशासाठी. आबांनी तोंडातली बॅटरी काढली.

"पानी पडत नाय म्हनून काय झाला? कौला तर हायत."

मी त्या दिवशी वहीत लिहिलं आहे: कौलं ६२०, वेळ सात तास, उपयोग शून्य. ते वाचायला आज बरं वाटत नाही, पण लिहिलं आहे हे खरं.

धाकटा मुलगा तर उघड चेष्टा करायचा. त्याचा बिल्डिंग मटेरियलचा धंदा होता आणि बापाचं घर गिऱ्हाइकांना दाखवायची त्याला लाज वाटायची. बाबा, छत्रीखाली रेनकोट घालून बसलाय तुमी, असं तो चारचौघांत म्हणायचा. आबा नुसते मान हलवायचे, जणू कोणी त्यांची तारीफ केली आहे.

मग एका दिवाळीत गंमत झाली. तिसऱ्या माळ्यावर कंपनीतली चार पोरं राहत होती, ती पाणी गेलेलं असताना नळ उघडा ठेवून गावाला निघून गेली. पाणी आलं आणि दीड दिवस वाहत राहिलं. तिसरा माळा भरला, दुसऱ्या माळ्याच्या भिंती फुगल्या, आमच्या पहिल्या माळ्यावर गादीपासून टीव्हीपर्यंत सगळं भिजलं. शेवटी सगळ्यात खालच्या स्लॅबमधून धारा लागल्या. त्या कौलांवर पडल्या, कौलांवरून उतरल्या आणि दोन्ही अंगांच्या पन्हळीतून गटारात गेल्या. अख्ख्या इमारतीत कोरडी जागा एकच होती, आबांची पडवी. आम्ही सगळ्यांनी आपले गादी-कपडे तिथे आणून टाकले.

आबांनी काय केलं असेल? ओट्यावर खुर्ची टाकली, नवा सदरा घातला आणि गल्लीतल्या प्रत्येक माणसाला हाक मारून आत बोलावलं. हात फिरवून बघ म्हणायचे, कोरडी हाय का नाय जमीन. काकीने बोलावलेल्यांना चहा करता करता दुपार केली. धाकटा मुलगा प्लंबर घेऊन आला, त्यालाही त्यांनी आधी पडवी दाखवली आणि मगच वर जाऊ दिलं. मुलगा म्हणाला, "वरती माजं लाखाचं नुकसान झालंय आनि तुमी इथं सत्यनारायन घातल्यासारखे बसलाय." आबा म्हणाले, प्रसाद घेऊन जा. हा आनंद त्यांना महिनाभर पुरला. मला जिन्यात थांबवून विचारायचे, वहीत लिवला का? मी लिहिलं नव्हतं. माझी गादी भिजली होती.

नऊ वर्षांनी आम्ही रस्त्यापलीकडे सेक्टरमध्ये टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, अकरावा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोटुशीची गच्ची आणि तिच्यावरचे निळे ड्रम दिसायचे. वास्तुशांतीला आबा-काकी आले. काकीने जेवण आवडलं म्हणून सांगितलं. आबा जेवायला बसायच्या आधी सगळ्या भिंतींवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत फिरले. माझ्या सासूबाईंना वाटलं, त्यांची कसली पूजा आहे.

मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "ह्याचा खांब कुठं हाय?"

मी त्यांना बेडरूमच्या कोपऱ्यात नेलं, कपाटामागे भिंतीत बुजलेला कॉलम दाखवला. त्यांनी त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवले. मग दिसू का देत नाय, असं विचारलं. मी म्हटलं, आबा, कॉलम बाहेर आला की खोली वाईट दिसते, म्हणून भिंतीत लपवतात. आम्ही ऑफिसात हेच करतो दिवसभर. त्यांना हसू आवरेना. काकीला म्हणाले, ऐकलास का, ज्याच्या जिवावर उभे हायत त्यालाच लपवतान. काकीने त्यांना जेवायला बसवलं. पाहुण्यांत माझे साहेब होते. त्यांना हे फार आवडलं आणि पुढे कितीतरी दिवस ऑफिसात ते वाक्य चाललं, म्हणून मला ते विसरता येत नाही.

पोटुशी जाणार हे ठरलं तेव्हा कोणालाच धक्का बसला नाही. शेजारच्या दोन प्लॉटबरोबर जागा एक होणार होती आणि तिथे चौदा मजले येणार होते. मुलांचा होकार झालाच होता, आबांची सही हवी होती. सगळ्यांना वाटलं आता म्हातारा अडून बसणार. ते अडले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: घर उसवायला वेळ द्या, आणि लाकडं लेकीकडे पोचवा. लेक पेणच्या बाजूला दिली होती, तिच्या घरामागे वाडीत जागा होती. जावयाने लगेच चिऱ्यांचं जोतं बांधून घेतलं. मुलं हसली, पण तयार झाली. एवढं सोपं सुटेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

लेकीच्या गावचे सुतारकाका येऊन घर बघून गेले. त्यांनी सांगितलं की प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तोंडांवर पटाशीने एकसारखी खूण कोरायची, एका जोडीला एक रेघ, दुसरीला दोन, तिसरीला फुली. मग लाकूड कुठेही न्या, खुणेला खूण लावली की घर आपोआप जुळतं. या कामाला आठ दिवस लागतील. बिल्डरने दिलेली मुदत महिनाअखेरची होती.

आबांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, खुना कोरून घेऊ ना? हा प्रश्न त्यांनी मला विचारायचं काही कारण नव्हतं. पण मी ड्राफ्ट्समन, मी वहीवाली. मला ते काम दिसताक्षणी माझं वाटलं. मी म्हटलं, आबा, आठ दिवस कशाला, एका रविवारात होतं. मी प्लॅन काढते, प्रत्येक लाकडाला नंबर देते, ऑफिसात लॅमिनेट करून लेबलं बांधते. पटाशीने चांगल्या सागाला जखमा कशाला करायच्या. त्यांनी शेजारच्या खांबावरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाले, तुला कलतंय त्यातलं. सुतारकाकांना फोन मीच केला.

तो मार्चचा दुसरा रविवार फार चांगला गेला, हेही सांगितलं पाहिजे. खांब चौदा, तुळया सोळा, आढ्याचे तीन तुकडे, बाकी वासे आणि पाट्या. मी नंबर बोलायचे, मिस्टर शिडीवर चढून बांधायचे, आबा खाली उभे राहून प्रत्येक लाकडाची काहीतरी हकिगत सांगायचे आणि मी हो हो म्हणत पुढचा नंबर बोलायचे. थोरला मुलगा दहा मिनिटं थांबला, एक फोटो काढला आणि गेला. दुपारी काकीने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी केली. संध्याकाळी साडेपाचला एकशे अठरा लाकडांवर एकशे अठरा लेबलं होती आणि माझ्याकडे सगळ्याचा प्लॅन. आबांना तो आडवा धरावा लागला, कारण त्यांची पूर्व वरच्या बाजूला असायची. माझं इतकं नेटकं काम ऑफिसातसुद्धा झालेलं नाही.

उसवायचं काम पुढच्या रविवारी धरलं. पाडकामाचा मुकादम आमच्याच साताऱ्याकडचा, साधा आणि शब्दाला जागणारा माणूस. त्याला मी दहा सूचनांची यादी करून दिली. त्या रविवारी मला तिथे थांबता आलं नाही. आमच्या सोसायटीची सभा होती आणि मी सेक्रेटरी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय तिसऱ्यांदा पुढे ढकलला जाणार होता, आणि माझ्याशिवाय तो ढकलणारही नव्हता कोणी. दुपारी चारला मी सभेतूनच मुकादमाला फोन केला. लेबलं सगळी आहेत ना, असं विचारलं.

"एकशे अठरा, ताई. दोनदा मोजल्यात. एक बी हरवलं न्हाई."

मी शाब्बास म्हटलं आणि वहीत बरोबरची खूण केली. ती खूण अजून आहे.

टेम्पो पेणला गेला. सहाच्या सुमारास मुकादम स्वतः माझ्या फ्लॅटवर आला, खाली इमारतीच्या पायऱ्यांशीच चपला काढून. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत लेबलं होती. सगळी. सुतळ्या सोडवून, धूळ पुसून, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावलेली.

मी यादी मागितली. ती त्याच्या खिशातच होती. पाचवी सूचना माझ्या अक्षरात अशी होती: एकही लेबल हरवता कामा नये, काम संपल्यावर सर्व लेबलं मोजून ताब्यात द्यावीत. मला म्हणायचं होतं की लाकडं लेबलांसकट द्या. पण तसं मी लिहिलेलं नव्हतं. टेम्पोत लाकूड लाकडावर घासून लेबलं तुटली असती, म्हणून त्याने प्रत्येक लाकूड खाली आलं की लेबल सोडवून पिशवीत टाकलं होतं. पाण्याचा ग्लास त्याने एका घोटात संपवला आणि विचारलं, ताई, काय चुकलं का? मी नाही म्हटलं. त्याचं काही चुकलंच नव्हतं.

आबा तेव्हा कुठे होते? तिथेच. शेजारणीच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर बसले होते. एकेक लेबल सुटताना त्यांनी पाहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, त्यांना विचारलं, आबा, तुम्ही थांबवलं का नाही त्यांना? त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मना वाटला," ते म्हणाले, "तुजी कायतरी रीत आसंल."

नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने त्यांना भाड्याची जागा दिली होती, घणसोलीतच, नवव्या मजल्यावर. तिथे बसून त्यांनीच तोड काढली. मी हात लावून सांगतो, तू लिव. मला ते पटलं. एप्रिलमध्ये दोन रविवार आम्ही पेणला गेलो. लाकडं वाडीत जोत्याशेजारी ताडपत्रीखाली रचली होती. आबा खाली बसायचे, एकेका लाकडावरून तळवा फिरवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धुराने काळं पडलेलं असेल तर चुलीकडचं. दोरीने घासून खोबण पडली असेल तर पाळण्याची तुळई, आणि त्या खोबणीत बोट घालून ते कोणत्या पोराच्या वेळची कुठली ते सांगायचे. एक खांब त्यांनी नुसता वास घेऊन ओळखला. त्याच्याशेजारी सुकं मासळीचं टोपलं असायचं म्हणे. मी लेबल शोधायचे, बांधायचे आणि घड्याळ बघायचे. त्यांना एका लाकडाला पंधरा-वीस मिनिटं लागत होती, कारण लाकूड ओळखणं दोन मिनिटांचं आणि बाकी सगळी हकिगत.

दुसऱ्या रविवारी मोठ्या तुळईची पाळी आली. ती त्यांच्या वडिलांनी पडावातून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीतून, आणली होती. खाडीला उधाण येईपर्यंत चार दिवस पडाव बाहेर थांबवून ठेवला होता, आणि मग भरतीच्या पाण्याबरोबर तुळई गावाच्या बंदरात घेतली, सगळं गाव चिखलात उतरलं होतं. आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. बापाने त्यांना तुळईवर बसवलं होतं, असं सांगत होते. ऊन चढलं होतं, दुपारी परत निघायचं होतं, आणि माझ्या हिशेबात त्या दिवशी अजून दहा लाकडं व्हायला हवी होती.

मी म्हटलं, "आबा, फक्त नंबर सांगा ना."

त्यांनी नंबर सांगितला. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी नंबरच सांगितले, आणि खरोखरच आठ लाकडं पटापट झाली. तुळईवर बसवल्यावर पुढे काय झालं, ते मला माहीत नाही.

एकशे अठरापैकी एकतीस झाली. सत्त्याऐंशी राहिली. मी हिशेब मांडला, सहा रविवार लागतील. मे महिन्यात ऑफिसात दोन प्रोजेक्टचे नकाशे एकदम आले, मग घरात एक लग्न निघालं. मी आबांना सांगितलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात नक्की. तोवर पाऊस लागला आणि ताडपत्री बांधून टाकावी लागली. भिजलेल्या लाकडाचं काही कळत नाही, असं आबाच म्हणाले होते. पावसाळाभर ते मला फोन करायचे. बोलायचे थोडंच. उघडीप हाय का, असं विचारायचे, जणू आकाश माझ्या अकराव्या मजल्यावरून जास्त दिसतं. मी म्हणायचे, गणपती झाले की जाऊ.

गणपतीच्या आधी बारा दिवस ते गेले. सकाळी चहा घेऊन नवव्या मजल्याच्या बाल्कनीत बसले होते. काकीने सांगितलं की बाल्कनी पश्चिमेची होती, तर त्यांनी खुर्ची उलटी घरात तोंड करून ठेवली होती, आणि काकी कप उचलायला गेली तेव्हा मान एका बाजूला होती.

त्यानंतर मी चार वेळा पेणला गेले. ते असताना दोन वेळा जमलं, ते गेल्यावर चार वेळा, हे मला दिसतं. लांबी मोजून, सांध्याची मापं घेऊन, धुराचा काळेपणा बघून मी बावन्न लाकडांना नंबर परत लावले. खांब सगळे लागले, तुळया सगळ्या लागल्या. उरले पस्तीस वासे. सगळे एका लांबीचे, एका जाडीचे, एका रंगाचे. त्यांच्यावर मी तळवासुद्धा फिरवून पाहिला. मला काही कळलं नाही.

आता पुन्हा उन्हाळा आला आहे आणि सुतारकाका कामाला तयार आहेत. त्यांच्या मते वाशांची काळजी करण्यात अर्थ नाही. कोणताही वासा कुठेही टाकला तरी छप्पर बसेल, कौलं राहतील, घर गळणार नाही. मीही या व्यवसायात वीस वर्षं आहे, मला हे समजतं. आबांची लेक जोत्यावर मिरच्या वाळत घालते आणि कोंबड्या हाकलते. तिला विचारलं तर ती म्हणते, "ताई, तुमी म्हनाल तसं. बाबांनी तुमच्यावर सोडलेलं."

पावसाच्या आधी आढं चढवायचं तर सुतारकाकांना याच आठवड्यात होकार द्यायला हवा. पस्तीस लेबलं कोणत्याही क्रमाने बांधून टाकली तर जगात कोणालाही फरक कळणार नाही. एक फोन करायचा आहे. तीन रविवार तो माझ्या यादीत सगळ्यात वर आहे, आणि आजचाही रविवार गेला.